सापाची मावशी

सापसुरळीला आमच्याकडे सापाची मावशी म्हणतात. का म्हणतात, हे विचारलं तर प्रत्येक जण वेगळं सांगतो आणि प्रत्येक जण ठासून सांगतो. कुणी म्हणतं, ती सापासारखी सळसळते म्हणून. कुणी म्हणतं, सापाला विष तिनेच वाटून दिलं आणि थोडं स्वतःकडे राखून ठेवलं. माझ्या नवऱ्याचं मत तर असं की साप चावलेला माणूस दवाखान्यापर्यंत तरी पोचतो, सापसुरळी चावलेला पाणीसुद्धा मागत नाही. हा माणूस पदवीधर आहे, ऑफिसात चार माणसं त्याचा सल्ला घेतात. पण सापसुरळीचं नाव काढलं की आधी त्याचे पाय खुर्चीवर जातात आणि मग तोंड उघडतं.

आमचं घर दहिवलीला, वस्ती विरळ होत जाते त्या टोकाला. घरामागे बेताचं परसदार आहे. तिथे कपडे धुवायचा दगड, मोरीच्या पाण्यावर माजलेलं अळू, कढीपत्त्याचं झाड आणि कुंपणाच्या कडेला बंबासाठी रचून ठेवलेली लाकडं. गिझर आहे, पण बंबाच्या पाण्याने आंघोळ केल्याशिवाय नवऱ्याला आंघोळ झाल्यासारखं वाटत नाही. म्हणून लाकडं आहेत, आणि लाकडं आहेत म्हणून सापसुरळी आहे. हे मी त्याला पुष्कळदा सांगून पाहिलं. तो म्हणतो, लाकडं माझी, सापसुरळी तुझी.

तशी ती माझीच. सकाळी कपडे धुवायला मी मागे जाते तेव्हा ती नुकतीच उठलेली असते. उठण्याच्या बाबतीत ती मोठी आळशी. ऊन लाकडांच्या ढिगावर नीट चढल्याशिवाय बाहेर डोकं काढत नाही. आधी फक्त नाक, मग एक डोळा. मग बराच वेळ काहीच नाही. धोका नाही अशी खात्री पटली की सगळी बाहेर येते आणि दगडाच्या कोरड्या कडेला पोट टेकून पसरते. अंग तपकिरी, तेल चोपडल्यासारखं चकचकीत, दोन्ही कुशींवर फिकट रेघ. पाय इतके आखूड की असून नसल्यासारखे. पालापाचोळ्यातून जाताना ती ते अंगाशी घेते आणि नुसती वाहत जाते. तेव्हा आवाज थेट सापाचा येतो. इतकी वर्षं ऐकूनही तो आवाज आला की माझ्या हातातला साबण निसटतो.

ती झुरळं खाते, रातकिडे खाते, मोरीजवळचे कोळी खाते. माझ्या स्वयंपाकघरावर तिचे उपकारच आहेत. आणि विषाचं म्हणाल तर तिच्यात ते नावालाही नाही. मी वाचलं होतंच, पण वाचलेलं आणि अनुभवलेलं यांत फरक असतो. एकदा लाकूड उचलताना तीही माझ्या मुठीत आली आणि बोटाला चावली. कपड्यांना लावायचा चाप बोटाला लागावा, तेवढंच. मी किंचाळले, ती पळाली, आणि त्या रात्री मी व्यवस्थित दोन वेळा वाढून घेऊन जेवले. नवरा मात्र झोपेपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत होता.

तिला शत्रू खूप. शेजारची मांजर, कावळे, कधी कुंपणाखालून येणारं मुंगूस, आणि भारद्वाज. भारद्वाज दिसला की नवरा चप्पल काढून हात जोडतो, दिवस चांगला जाणार म्हणतो. सापसुरळी तोच भारद्वाज बघते आणि ढिगात बुडी मारते. एकाच पाखराचं दर्शन, ज्याच्या त्याच्या नशिबाप्रमाणे फळतं. लढायला तिच्याकडे काही नाही. ना नखं म्हणावीत अशी नखं, ना दात म्हणावेत असे दात. तिचं सगळं शहाणपण एकच: बिळापासून लांब जायचं नाही, आणि गेलंच तर परतीची वाट मोकळी ठेवायची.

हे सगळं मला नीट दिसायला लागलं ते गेल्या वर्षी, मावशी राहायला आल्यावर. ही माझी मावशी, माणसातली. आईची धाकटी बहीण.

माझी आई मी लहान असताना गेली. मावशी त्याआधीच विधवा होऊन एकटी पडली होती, मूलबाळ नव्हतं. ती आमच्या घरी आली ती माझं लग्न होईपर्यंत राहिली. वेणी तिने घातली, शाळेत तिने सोडलं, कांजिण्या आल्या तेव्हा कडुनिंबाचा पाला घेऊन तीच रात्रभर बसली. ‘माय मरो पण मावशी जगो’ ही म्हण लोक गमतीत म्हणतात. माझ्याबाबतीत ती शब्दशः खरी झाली, म्हणून मी ती कधी गमतीत म्हणू शकले नाही. माझं लग्न झालं आणि ती खालापूरच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याला असलेल्या तिच्या घरी निघून गेली. थोडी भातशेती, एक खोली, एक पडवी. बोलवलं तर यायची, पण राहायची नाही.

गेल्या वर्षी तिथल्या मोरीत ती पाय घसरून पडली. शेजारीण काहीतरी मागायला आली म्हणून कळलं; तोवर ती तशीच ओल्यात पडून होती. हाड मोडलं नव्हतं, पण तपासणीत डोळ्यांत मोतीबिंदू पिकल्याचं निघालं. ऑपरेशनच्या निमित्ताने मी तिला दहिवलीला आणलं आणि मनाशी ठरवलं की आता परत पाठवायची नाही. पुन्हा पडली आणि कुणी काही मागायला आलंच नाही तर? हा विचार मला भाजी चिरताना यायचा, ऑफिसात यायचा. मला ती राहायला हवी होती. तिच्यासाठी आणि, खरं सांगायचं तर, माझ्यासाठीही.

पण मावशी म्हणजे मावशी. डोळा बरा झाला तरी तिने पिशवी उपसली नाही. दोन लुगडी काढायची, धुवायची, वाळवायची, घडी करून परत पिशवीत. मी कपाटातला एक खण रिकामा करून दिला, त्यात तिने एक कंगवा ठेवला आणि वर म्हणाली, “झालं? बसला ना खण भरून?” लेकीच्या घरी जास्त राहू नये, भाचीच्या तर त्याहून नाही, हे तिच्या डोक्यात पक्कं. रिकामी बसली की तिला अपराध केल्यासारखं वाटायचं. मी उठायच्या आत भांडी घासलेली, अंगण झाडलेलं. ओरडले की म्हणायची, “हात गंजतात गं नायतर.”

तिला निवांत बसवायची एकच जागा सापडली, परसदार. सकाळच्या उन्हात दगडाशेजारी पाट टाकून ती बसायची. पलीकडे ढिगातून सापसुरळी निघायची. दोघी ऊन खात बसायच्या. मावशी तिला घाबरायची हं. तिचंही ज्ञान नवऱ्याइतकंच. ती विषारी आहे याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. पण तिला मारायचं नाही, याबद्दलही नव्हती.

“मावशीला मारलं का भाचा येतो घरी,” ती नवऱ्याला बजावायची. “फना काढून येतो. मग काय करशीला, जावयबापू?”

“मावशी, तसलं काही नसतं,” नवरा पाय वर घेऊन म्हणायचा.

“नसतं तर पाय खाली ठेवा की.”

मग एका रविवारी व्हायचं तेच झालं. नवरा बंबासाठी लाकडं काढायला मागे गेला आणि सापसुरळी त्याच्या पायाजवळून निघाली. त्याने खराटा उचलला आणि आपटला. पुढचं मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. ती मोरीच्या पाइपाकडे धावली आणि शेपटी मागे राहिली. ती शेपटी! नुसती पडून राहिली नाही. उसळत होती, गोल फिरत होती, जिवंत असल्याचं नाटक जिवंत असलेल्यापेक्षा चांगलं वठवत होती. नवरा त्या शेपटीवर खराट्याचे फटके घालत होता. सापसुरळी पाइपाच्या तोंडाशी क्षणभर थांबली, मागे वळून पाहिल्यासारखं केलं, आणि आत गेली.

“मारली!” नवरा घामाघूम होऊन म्हणाला.

“काय मारलंत? श्याप मारलीत,” मावशी पाटावरून म्हणाली. “ती गेली केव्हाच.”

मी हसत सुटले. पण मावशी हसली नाही. त्या वळवळणाऱ्या तुकड्याकडे ती टक लावून बघत होती. हळूहळू तो थंडावला आणि मुंग्या जमल्या. तिने विचारलं, “दुखत आसंल का गं तिला?”

मला माहीत नव्हतं. वाचलेलं एवढंच होतं की शेपटी तुटायच्या जागी आधीच कच्ची ठेवलेली असते, रक्त फार येत नाही, आणि पुन्हा फुटते. आणि हेही, की ती तिची साठवणीची जागा असते. खाऊनपिऊन झालेली चरबी तिथे ठेवते. म्हणजे जीव वाचतो, पण वर्षाची बेगमी रस्त्यावर टाकून.

हे मी मावशीला सांगितलं आणि सांगतासांगताच मला वेगळंच आठवलं. लहानपणी लावणीच्या दिवसांत मावशीला तिच्या गावी जावं लागायचं, आणि मी तिला सोडायची नाही. मग ती माझ्यासमोर ताटलीत कुरमुरे आणि गुळाचा खडा ठेवायची. म्हणायची, चांगले चांगले वेगळे काढ, मला दे. मी मान खाली घालून निवडत बसायची. ताटली भरत आली की वर बघायची, तर मावशी मागच्या दाराने गेलेली. पुढे मोठी झाल्यावरही तिची ही खोड गेली नाही. आमच्याकडून निघायची तेव्हा गॅसवर काहीतरी शिजत ठेवून निघायची. ते करपू नये म्हणून मी आत धावायची, आणि ती रिक्षात.

सापसुरळी बरेच दिवस दिसली नाही. दिसली तेव्हा ओळखू येईना. बुटकी, बावरलेली, दगडापर्यंत यायचीच नाही, ढिगाच्या तोंडाशीच ऊन खायची. मांजर दोन घरं पलीकडे म्यांव करायची आणि ही आत. पूर्वी निदान ऐट होती. आता टाकायला काही शिल्लक नाही हे जणू तिला माहीत होतं. मला तिची फार दया आली. मग हळूहळू शेपटी फुटली. आखूड, काळपट, चकाकी नसलेली. चांगल्या लुगड्याला दुसऱ्याच कापडाचं ठिगळ लावावं तशी. पण फुटली. मावशी रोज बघायची आणि मला येऊन सांगायची, “आज बोटाच्या पेराएवढी झाली.” नवऱ्याने त्या दिवसानंतर खराट्याला हात लावला नाही. लाकडं काढायच्या आधी तो लांबूनच टाळ्या वाजवायचा, म्हणजे बाईसाहेबांनी बाजूला व्हावं.

मला वाटायला लागलं, मावशी रमली. खणात कंगव्याशेजारी तेलाची बाटली आली होती. मग तिचं एक लुगडंही आलं. मी काही बोलले नाही. बोलले असते तर ते परत पिशवीत गेलं असतं.

आणि मग ते पाहुणे आले. नवऱ्याच्या ऑफिसातला एक सहकारी आणि त्याची बायको, कळंबला रिसॉर्टवर निघाले होते, वाटेत चहाला थांबले. मावशी मागे भांडी घासत होती, पदर खोचून, कोपरापर्यंत राख. घरात साबण असताना तिला राखच लागायची. पाहुणीबाई हात धुवायला मागे गेली. परत आली ती खूश होऊन.

“तुमच्या मावशी छान आहेत हो! न सांगता टॉवेल दिला. आमच्याकडे तर मावश्या टिकतच नाहीत. या राहूनच असतात का?”

तेवढ्यात मावशीच चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. आमच्याकडे घरकामाच्या बाईला मावशी म्हणायची रीत आहे. मान द्यायचा म्हणून म्हणतात, आणि त्या बाईने मान देऊनच म्हटलं होतं. नवरा बिस्किटाकडे बघायला लागला. माझं डोकं मात्र सणकलं.

“त्या कामाच्या मावशी नाहीत,” मी म्हणाले. “माझी सख्खी मावशी आहे. आईची बहीण. मला हिनेच वाढवलं.”

बिचारी पाहुणी. लाजेने लाल झाली, उठून मावशीच्या पाया पडली. मावशीने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “त्यात काय एवढं? च्या गार व्हईल.” सगळे हसले. चहा झाला, ते कळंबला गेले. माझ्या मते प्रकरण संपलं होतं, आणि माझ्या बाजूने मी ते चांगलंच संपवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला तांदळाच्या भाकरीच्या वासाने जाग आली. चळत बघूनच मी समजले. चार दिवस पुरतील एवढ्या भाकरी, आणि गॅसवर वालाचं बिरडं मंद आचेवर ठेवलेलं. मी धावत पुढच्या दाराशी गेले, तर मावशी चपला घालत होती. खण रिकामा. कंगवासुद्धा नेला होता.

“पावसाच्या आधी घर शाकारायला पायजे,” ती म्हणाली. “कौलं सरकलीत.”

“तुला कुणी सांगितलं कौलं सरकली म्हणून?”

“दर साल सरकतात.”

मी गॅस बंद केला, घरच्या कपड्यांतच तिच्या मागे निघाले. चारफाट्यापर्यंत ती पुढे आणि मी मागे. पिशवीही हातात देईना. मी पाहुणीला शिव्या घालत होते, तिच्या बेअक्कलपणाला, तिच्या रिसॉर्टला. म्हणाले, “कुणी मोलकरीण समजलं म्हणून तू घर सोडून चाललीस? एवढी कशी हलकी झालीस?”

मावशी थांबली. टमटमा लागतात त्या कोपऱ्यावर, फळवाल्याच्या गाडीशेजारी.

“त्या बायचं मला नाय काय वाटलं,” ती म्हणाली. “तिला काय ठावं? राखेचे हात बगून कोनीबी म्हनंल. मोलकरीन म्हनली, म्हनू दे. पन तू काय म्हनलीस?”

“मी? मी तर तुझीच बाजू घेतली. सख्खी मावशी म्हणाले.”

“तेच,” ती म्हणाली. “आयची भन म्हनलीस.”

मला क्षणभर काही उमगलं नाही. मग आठवलं. आई गेल्यानंतर मावशी आमच्याकडे आली, तेव्हा एकदा माझ्या तोंडून आई निघालं होतं. तिने माझं तोंड हाताने झाकलं होतं. म्हणाली होती, मला आय म्हनायचं नाय, तुजी आय त्या तसबिरीत हाय, तिला काय वाटंल? मी मुकाट्याने मान हलवली. नंतर तो शब्द मी कधी उच्चारला नाही.

“तूच सांगितलं होतंस ना,” मी म्हणाले. “आई म्हणायचं नाही म्हणून.”

“सांगितलं व्हतं. तवा तुजी आय ताजी गेली व्हती. मला तिची जागा लाटायची नव्हती.” तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “पन इतकं कशाला आयकायचं गं? येवडी वरसं? बाकीचं कदी काय आयकलंस माजं?”

ती हसत होती आणि तिचे नुकते बरे झालेले डोळे भरून आले होते. मला तो शब्द म्हणायचा होता आणि तोंडाला वळण नव्हतं. फळवाला आमच्याकडे बघत होता.

टमटम भरत आली होती. “चला मावशी, बसा, एकच शीट हाय,” ड्रायव्हर ओरडला. मावशीने माझ्या गालावरून हात फिरवला, आत चढली, दोन बायकांच्या मध्ये सरकून बसली आणि पिशवी मांडीवर घेतली. ड्रायव्हरने गाडी चालू केली.

“आई,” मी म्हणाले.

इंजिनाच्या घरघरीत तो शब्द माझा मलाही ऐकू आला नाही. मी गाडीच्या दांडीला धरलं आणि ओरडले, “आई, खाली उतर!”

आतल्या दोन्ही बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मावशी बघत नव्हती. ती समोर, ड्रायव्हरच्या पाठीकडे बघत होती, आणि पिशवीचे बंद तिने मुठीत घट्ट धरले होते.

“यायचंय का नाय, मावशी?” ड्रायव्हर वैतागून वळला.

“नाय येत रं मी,” ती त्याला म्हणाली. “लेक नको म्हनते.”